कच्च्या फांद्यांचा हिशेब

डहाणू-घोलवडच्या वाडीतल्या कलमी चिकूला बहुधा दोन कुळे असतात. जमिनीखालची मुळे रायणीची, म्हणजे आपल्या खिरणीची. वरचे खोड, फांद्या आणि फळे चिकूची. रायण ही इथलीच, कोरड्या रानात वाढणारी चिवट बाई. चिकू मात्र मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडून आलेला पाहुणा. घोलवडला त्याची लागवड १८९८ च्या सुमारास सुरू झाली असे फळबागांच्या पुस्तकांत नोंदलेले असते. पुढे तो इथला इतका झाला की २०१६ मध्ये 'डहाणू घोलवड चिकू' या नावाने त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

रायणीवर चिकूचे कलम धरते याचे कारण दोघे एकाच प्रजातीतले, जवळचे नातलग आहेत. माळ्यांनी हे नाते चाकू आणि सुतळीच्या जोरावर वापरून दाखवले. शास्त्रज्ञांना ते रेणूंतून वाचावे लागले. २०१४ साली या कुळातल्या झाडांच्या जनुकांचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्याचा निष्कर्ष असा की या प्रजातीचा उगम सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत झाला आणि तिची बीजे समुद्र ओलांडून अमेरिकेत आणि आशियात पोचली. म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी दुरावलेल्या चुलत बहिणींची गाठ घोलवडच्या माळ्याने पुन्हा बांधली.

असे निष्कर्ष वाचले की मन हरखते. पण बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाच्या मनात लगेच दुसरा प्रश्न येतो. हे नाते सांगणारा कागद किती भक्कम? कोणाच्या सहीचा? प्राण्यांचे, वनस्पतींचे, विषाणूंचे, अगदी भाषांचेही जे वंशवृक्ष आज काढले जातात, त्यांतली प्रत्येक फांदी सारखीच खरी असते का? उत्तर असे की नसते. त्या झाडांवर काही फांद्या पक्क्या असतात आणि काही कच्च्या. कच्च्या फांद्या ओळखून त्या आवरून ठेवणारी छोटी संगणकीय अवजारेही आता पुष्कळ झाली आहेत. विषय प्रयोगशाळेतला वाटतो, पण तो डहाणू-तलासरीच्या पाड्यांपर्यंत कसा पोचतो, हे सांगण्यासाठी आजचा हा लेख.

आपल्याकडे अनेक घरांत कुलवृत्तांत असतो. जाड पुठ्ठ्याचा ग्रंथ, आत घडी घातलेला मोठा तक्ता आणि त्यावर मूळपुरुषापासून परवा जन्मलेल्या नातवापर्यंत सगळ्यांची नावे. आजोबा-पणजोबांपर्यंतच्या रेषा कागदपत्रांवरून आलेल्या असतात. त्याच्या वरच्या दोन-तीन पिढ्या कुणा वृद्धाच्या आठवणीवरून, आणि त्याच्याही वरच्या, खरे सांगायचे तर, अंदाजाने. गंमत अशी की तक्त्यावर या सगळ्या रेषा एकाच शाईने आणि एकाच जाडीने छापलेल्या असतात. वाचणाऱ्याला कळायला मार्ग नसतो की इथवर दस्तऐवज आहे आणि इथून पुढे ऐकीव. शंभर वर्षांनी तोच तक्ता पुरावा म्हणून पुढे केला जातो.

शास्त्रातल्या वंशवृक्षाचा आरंभ मात्र अधिक नम्र होता. चार्ल्स डार्विनने १८३७ साली आपल्या वहीत एक वेडेवाकडे झाड काढले आणि त्याच्या डोक्यावर 'मला वाटते' अशा अर्थाचे दोन शब्द लिहून ठेवले. पुढे १८५९ च्या त्याच्या प्रसिद्ध ग्रंथात चित्र म्हणून एकच तक्ता आहे आणि तो झाडाचाच आहे. भाषांच्या बाबतीत आउगुस्ट श्लायशर या जर्मन पंडिताने १८५३ पासून अशीच झाडे छापायला सुरुवात केली. झाडे वाढली, मोठी झाली, पाठ्यपुस्तकांत गेली. वहीतले ते 'मला वाटते' तेवढे वाटेत गळून पडले.

ते परत आणण्याचे काम आकडेशास्त्राने केले. ब्रॅडली एफ्रन यांनी १९७९ साली मांडलेली 'बूटस्ट्रॅप' नावाची युक्ती जोसेफ फेल्सनस्टाइन यांनी १९८५ साली वंशवृक्षांना लावली. युक्ती नावाला विचित्र, पण समजायला सोपी आहे. समजा, आपल्याला काही बोलींचे नाते ठरवायचे आहे. त्यासाठी आपण शंभर साध्या शब्दांची यादी घेतली. हात, पाणी, आई, दगड, दोन, झोपणे, असे शब्द. प्रत्येक बोलीत त्याला काय म्हणतात ते टिपले. ज्यांचे शब्द अधिक जुळतात त्या बोली जवळच्या, असे धरून झाड काढले. आता हे झाड किती भरवशाचे? त्यासाठी शंभर शब्दांच्या शंभर चिठ्ठ्या करून पिशवीत टाकायच्या. एक काढायची, टिपायची आणि परत पिशवीत टाकायची. असे शंभर वेळा करायचे. साहजिकच काही चिठ्ठ्या दोनदा-तीनदा येतील, काही मुळीच येणार नाहीत. या नव्या यादीवरून पुन्हा झाड काढायचे. हा सगळा खेळ हजार वेळा करायचा, आणि मग मोजायचे की हजार झाडांपैकी किती झाडांत अमुक दोन बोली एकाच फांदीवर आल्या. ९४० झाडांत आल्या तर त्या फांदीचा आधार ९४. ४१० झाडांत आल्या तर आधार ४१. म्हणजे चार-दोन शब्द इकडचे तिकडे झाले की मोडणारी ती फांदी.

इथे एक अडचण उभी राहते. झाड काढणाऱ्या बहुतेक प्रचलित आज्ञावल्यांना फक्त बेचके काढता येते. एका ठिकाणाहून दोन फांद्या, त्या प्रत्येकीच्या पुन्हा दोन. 'हे तिघे भाऊ आहेत, पण थोरला कोण ते ठाऊक नाही' असे म्हणण्याची त्यांना सोयच ठेवलेली नसते. पुरावा असो वा नसो, यंत्र कुणाला तरी थोरला ठरवून मोकळे होते. करोनाच्या साथीत हे फार जाणवले. त्या विषाणूचा मजकूर सुमारे ३० हजार अक्षरांचा आणि त्यात महिन्याला साधारण दोन अक्षरांचा बदल. त्यामुळे एकाच आठवड्यात, एकाच वस्तीतून घेतलेले अनेक नमुने अक्षरशः एकसारखे निघत. एकसारख्या नमुन्यांत वडील-धाकटे कसे ठरणार? पण यंत्राला बेचके हवे म्हणून तशी झाडे काढली, तर चित्र पाहणारा सहज म्हणणार की साथ याच्याकडून त्याच्याकडे गेली. ज्या फांदीवर एकाही अक्षराचा फरक नोंदलेला नाही, ती फांदी मिटवूनच अशा झाडांचे वाचन करावे लागते.

फांदी मिटवणे म्हणजे काय, हे मला बँकेच्या भाषेत चटकन कळते. बँकेलाही शाखा असतात आणि एखादी शाखा चालत नाही असे ठरले की ती बंद करून जवळच्या शाखेत विलीन करतात. पाटी उतरते, कुलूप लागते. पण खातेदार एकही बुडत नाही. त्याची पासबुके, ठेवी, कर्जे सगळी जशीच्या तशी वरच्या शाखेकडे वर्ग होतात. वंशवृक्षात कच्ची फांदी आवरणे म्हणजे नेमके हेच. मधला सांधा जातो आणि त्याच्यावर टेकलेली मंडळी एक पायरी खाली, आधीच्या सांध्याला थेट जोडली जातात. बेचक्याच्या जागी तीन, चार, पाच फाटे एकाच ठिकाणाहून फुटलेले दिसतात. झाडाच्या टोकाची पाने, म्हणजे ज्यांच्याविषयी आपण बोलतो आहोत त्या जाती, बोली किंवा नमुने, सर्व शाबूत राहतात.

हे करणारे अवजार घडवणे तसे अवघड नाही. संगणकात वंशवृक्ष साध्या कंसांनी लिहितात. ही पद्धत १९८६ साली अमेरिकेतल्या डोव्हर गावी जमलेल्या काही अभ्यासकांनी ठरवली आणि ज्या खानावळीत बसून ती ठरली तिचेच 'न्यूइक' हे नाव तिला पडले. क, ख, ग, घ अशी चार पाने घेऊ. ((क,ख)९६,(ग,घ)४१) याचा अर्थ असा की क आणि ख एका फांदीवर असून त्या फांदीला ९६ आधार आहे. ग आणि घ दुसऱ्या फांदीवर असून तिला ४१. आता अवजाराला सांगायचे की ७० च्या खालचे काही ठेवू नकोस. ते आतून बाहेर एकेक कंस तपासते, ४१ च्या फांदीचा कंस सोडवते आणि उत्तर देते, ((क,ख)९६,ग,घ). क-ख चे नाते राहिले. ग आणि घ दोघेही आहेत, पण ते एकमेकांचे सख्खे आहेत असा दावा मागे घेतला गेला. एवढेच काम.

मात्र एवढ्याशा कामातही जे खाचखळगे आहेत, ते हिशेबनिसाला ओळखीचे वाटतील. पहिला म्हणजे रिकाम्या रकान्याचा. एखाद्या फांदीवर आकडाच लिहिलेला नसला तर तो शून्य समजायचा का? बँकेतल्या नवख्या कारकुनालाही शिकवावे लागते की कोरा रकाना म्हणजे शून्य नव्हे. 'मोजले आणि काही निघाले नाही' हे वेगळे आणि 'मोजलेच नाही' हे वेगळे. चांगले अवजार अशा ठिकाणी थांबते आणि मालकाला विचारते. दुसरा खळगा एककाचा. कोणी आधार शंभरापैकी लिहितो, कोणी एकापैकी. ०.९५ असे लिहिलेल्या भक्कम फांदीला ७० ची चाळण लावली तर अख्खे झाड भुईसपाट होते. रुपयांचा तक्ता लाखांचा समजून वाचण्यासारखेच हे. तिसरा लांबीचा. फांदीची लांबी म्हणजे किती बदल साचला त्याचे माप. मधली फांदी काढली तर तिची लांबी तिच्या मुलांच्या खात्यावर जमा करावी लागते, नाहीतर मुळापासून पानापर्यंतचा ताळा चुकतो.

चौथा खळगा सर्वांत फसवा. आधाराचा आकडा हा खरे तर फांदीचा असतो, पण लिहिण्याच्या सोयीसाठी तो सांध्याच्या नावाने लिहिला जातो. झाडाचे मूळ बदलून दुसऱ्या बाजूने उभे केले की सांधे उलटेपालटे होतात आणि आकडे भलत्याच फांदीवर जाऊन बसतात. २०१७ साली युरोपातील तीन संशोधकांनी तपासणी करून दाखवले की झाडे दाखवणाऱ्या अनेक नावाजलेल्या आज्ञावल्यांतही ही गफलत होते. एकाची जामीनकी दुसऱ्याच्या कर्जाला लागावी, तशातला प्रकार. म्हणून अवजार घडवणाऱ्याने दोन पथ्ये पाळावीत. मूळ झाडाची प्रत कधी पुसू नये, आणि कोणती चाळण लावली ते नव्या झाडाच्या पायथ्याशी लिहून ठेवावे. बँकेच्या वहीत खाडाखोड चालत नाही. चुकीचा आकडा वाचता येईल अशा बेताने रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची.

चाळण ७० चीच का, असे कोणी विचारील. १९९३ साली हिलिस आणि बुल या दोघांनी प्रयोगांवरून दाखवले की काही ठरावीक परिस्थितीत ७० च्या वर आधार असलेल्या फांद्या बहुधा खऱ्या निघतात. तेव्हापासून हा आकडा रूढ झाला. कोणी ५० धरतो, कोणी ९५. त्यात दैवी असे काही नाही. आणि आधार मोठा म्हणजे सत्य पक्के, असेही नाही. पिशवीतल्या चिठ्ठ्याच एकाच बाजूने गोळा केलेल्या असतील, तर हजार वेळा काढूनही त्या एकच खोटे उत्तर देतील आणि आधार ९९ दाखवतील. शिवाय सगळ्याच फांद्या छाटत सुटलो तर झाड उरत नाही, केरसुणी उरते. केरसुणीवरून कोणाचे नाते कळत नाही. अवजार हाती असले तरी हात माणसाचाच लागतो.

याचे एक चांगले उदाहरण आपल्या देशातले आहे. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या विष्णुप्रिया कोलीपाकम आणि त्यांच्या देशोदेशीच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली २० द्राविडी भाषांचा वंशवृक्ष प्रसिद्ध केला. हे कुळ सुमारे साडेचार हजार वर्षांचे असावे, असा त्यांचा अंदाज वर्तमानपत्रांतून गाजला. पण त्याच लेखात त्यांनी हेही मोकळेपणाने नोंदवले की या कुळाच्या मुख्य शाखा एकमेकींपासून कोणत्या क्रमाने फुटल्या ते खात्रीने सांगता येत नाही. ही दुसरी ओळ बातमीत आली नाही. बातमीला बेचके हवे असते.

आता पुन्हा डहाणूकडे वळू. डहाणू आणि तलासरी हे तालुके २०१४ च्या १ ऑगस्टपर्यंत ठाणे जिल्ह्यात होते, आता पालघरमध्ये आहेत. किनाऱ्यापासून डोंगराकडे जावे तसतशी वस्ती वारली, कोकणा, धोडिया, दुबळा, काथोडी अशी बदलत जाते आणि बोलीही बदलते. यांतली वारली बोली घेऊ. तिचे कूळ कोणते? ('कूळ' म्हटले की या भागातल्या जुन्या माणसाला आधी कूळकायदाच आठवतो, पण तो विषय वेगळा.) जॉर्ज ग्रियर्सनने आपल्या प्रचंड भाषा-सर्वेक्षणात वारलीला सातव्या, म्हणजे मराठीच्या खंडात जागा दिली. तो खंड १९०५ चा. भारताच्या २०११ च्या जनगणनेत वारली ही मातृभाषा 'भिली' या मथळ्याखाली मोडते, आणि कोकणाही तिथेच. जगातल्या भाषांची सूची करणारा 'एथ्नोलॉग' हा कोश तिला कोकणी गटात बसवतो. तीन अधिकृत तक्ते, तीन वेगळ्या फांद्या, आणि तिन्ही ठिकाणी शाई सारखीच ठळक.

यांतले कोणी अडाणी होते असे नाही. अडचण त्या भूमीतच आहे. इथून उत्तरेला गुजराती, दक्षिणेला मराठी, पूर्वेला डांगी आणि खानदेशी, आणि शेजारपाजारच्या पाड्यांवर एकमेकींत मिसळलेल्या बोली. त्यात १९६० च्या मुंबई पुनर्रचना कायद्याने जुन्या उंबरगाव तालुक्याचे दोन तुकडे झाले. उंबरगावसह काही गावे गुजरातेत गेली, राहिलेल्या गावांतून महाराष्ट्रात तलासरी उभी राहिली. शेजारच्या दादरा-नगरहवेलीत १९५४ पर्यंत पोर्तुगीज होते. वारली मंडळी या तिन्ही ठिकाणी होती आणि आहेत. सोयरिकी रेषेच्या दोन्ही बाजूंना. पण एका बाजूची पोरे बहुतेक गुजराती शाळेत जाऊ लागली आणि दुसऱ्या बाजूची मराठी शाळेत. साठ वर्षांत शाळा, बाजार, कचेरी आणि बसस्टँड यांचे शब्द दोन्हीकडे वेगवेगळे शिरले. आता शब्दांच्या शंभर चिठ्ठ्या तलासरीत भरल्या तर पिशवी मराठीकडे झुकणार, आणि उंबरगावच्या बाजूला भरल्या तर गुजरातीकडे. बोली तीच, माणसे एकमेकांची मामे-मावसभावंडे, पण फांदी वेगळी निघणार आणि आधारही कदाचित भरघोस दाखवणार.

जर्मनीत योहानेस श्मिट नावाच्या पंडिताने १८७२ सालीच ही हरकत घेतली होती. श्लायशरचाच हा शिष्य. त्याचे म्हणणे असे की भाषा केवळ झाडासारख्या फुटत नाहीत, पाण्यावरच्या लाटांसारख्या एकमेकींवर पसरतातही. वारल्यांच्या तारपा नाचात माणसे एकमेकांना धरून वाजवणाऱ्याभोवती वेटोळे घेत फिरतात. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ते वेटोळे कागदावर आणून जगभर पोचवले आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या चित्रात प्रत्येक माणूस दोन शेजाऱ्यांना जोडलेला असतो. इथल्या बोलींचे नाते समजून घ्यायला कधीकधी झाडापेक्षा ते चित्र अधिक उपयोगी पडेल.

कोणी म्हणेल, या पंडिती वादाने तलासरीच्या माणसाचे काय अडले? बरेच अडले. तक्ता एकदा छापला की तो नुसता तक्ता राहत नाही, फॉर्म होतो. २०११ च्या जनगणनेत लोकांनी आपल्या मातृभाषेची १९,५६९ कच्ची नावे सांगितली. छाननीनंतर त्यांची १,३६९ झाली, आणि वर्गवारी करून शेवटी १२१ भाषा उरल्या. गाळणी लागतेच, त्याविषयी तक्रार नाही. तक्रार अशी की 'वारली' म्हणून सांगितलेले उत्तर 'भिली'च्या बेरजेत जाते, आणि शाळेत त्याच घरचे मूल 'मराठी मातृभाषा' म्हणून बाकावर बसते. एका तक्त्यात ते भिली, दुसऱ्यात मराठी. मग पहिलीच्या वर्गात ते आपल्या घरची वाक्ये बोलले की ती बोली न ठरता अशुद्ध मराठी ठरते. मुलाच्या तोंडी असलेल्या पूर्ण, नियमबद्ध भाषेला चूक समजले जाते, कारण कुठेतरी एका झाडावर एक कच्ची फांदी पक्क्या शाईने काढलेली आहे. बोलायला कचरणारे सहा वर्षांचे मूल हा त्या फांदीचा खरा हिशेब.

याच परिसरात याचे उत्तर एकदा देऊन झालेले आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघांसह ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. गुरे राखणारी पोरे शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली, ती कुरणशाळा. मूल आहे तिथे जायचे, त्याच्यापाशी जे आहे तिथून आरंभ करायचा, हे त्या शिक्षणाचे सूत्र. मुलाची बोली कोणत्या भाषाकुळात मोडते, याचा निकाल लागेपर्यंत त्यांना थांबावे लागले नाही.

इथे एक प्रामाणिक शंका उरते. 'नक्की ठाऊक नाही' असे लिहिण्याने या लोकांचे नुकसान तर होणार नाही? सरकारी दफ्तरात अनिश्चित म्हणजे अनाथ. ज्याचे खाते कळत नाही ती रक्कम सस्पेन्स खात्यात जाते आणि वर्षानुवर्षे तिथे पडून राहते, हे मी पुरेपूर जाणतो. पण कच्ची फांदी आवरण्याचा अर्थ नीट पाहावा. त्यात पान जात नाही. वारली नावाची एक बोली आहे, ती डहाणू-तलासरीपासून दादरा-नगरहवेलीपर्यंत बोलली जाते, एवढे पान शंभर टक्के पक्के आहे. गेला तो फक्त तिच्या वरचा मथळा, 'अमक्याची पोटबोली'. उलट मथळा जपण्याच्या नादात आजवर पानच झाकले गेले. आणि सस्पेन्स खाते हे लाजिरवाणे नसते. रक्कम भलत्याच्या नावे जमा करण्यापेक्षा ती तिथे ठेवणे केव्हाही नेक. अट एकच, की पुरावा शोधण्याचे काम चालू राहिले पाहिजे.

ते काम सुदैवाने चालू झाले आहे. डॉ. गणेश देवी यांच्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा मराठी खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली २०१३ मध्ये आला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठीच्या बोलींचे जिल्हावार ध्वनिमुद्रण केले आहे. आता गरज आहे ती रेषेच्या दोन्ही बाजूंच्या चिठ्ठ्या एकाच पिशवीत टाकण्याची. तलासरीची, उंबरगावची, खानवेलची, डांगची. त्यातून जे झाड निघेल त्याच्या प्रत्येक फांदीवर आधार लिहावा, कच्च्या फांद्या आवराव्यात आणि उरलेले झाड छापावे. मग वारली मराठीची निघो, भिलीची निघो, की सगळ्यांपासून एकाच सांध्यावर स्वतंत्र फुटलेली निघो, जे निघेल ते खरे असेल.

तोवर दोन साध्या गोष्टी आजच करता येतील, त्यांना संगणक लागत नाही. पुढच्या जनगणनेच्या तक्त्यांत वारली बोलणाऱ्यांची स्वतंत्र संख्या मथळ्याच्या बेरजेइतक्याच ठळक अक्षरांत, जिल्हावार छापावी. आणि डहाणू-तलासरीच्या शाळांच्या प्रवेशफॉर्मवर 'घरी बोलली जाणारी बोली' असा एक रकाना असावा, त्यात आईबाप सांगतील ते नाव, वारली, कोकणा, धोडिया, जसेच्या तसे लिहावे. सुरुवातीच्या इयत्तांत मातृभाषेतून शिकवावे असे २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरण सांगते. त्यासाठी आधी ती मातृभाषा कुठेतरी लिहिलेली असायला हवी. तिच्या पुढे कंसात दुसऱ्या कोणाचे नाव लिहिण्याची घाई कोणी करू नये.